भांड्यांच्या खोलीतलं भजनी मंडळ

माधव नगरातल्या दक्षिणी समाज मंडळाने अनसूया चांदोरकरचा एकदाही अपमान केला नाही, ही तिची मंडळाविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार होती. अपमान व्हावा म्हणून तिने काय कमी खस्ता खाल्ल्या? दर गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी हॉलच्या स्टेजवर चढायच्या आणि समोर बसलेल्या दीडशे माणसांना तोंडावर नावं ठेवायच्या. दीडशे माणसं टाळ्या वाजवायची. मग अध्यक्ष भय्यासाहेब जाकिटाचं बटण लावत उठायचे, तिघींच्या हातात खण-नारळ ठेवायचे आणि माईकमध्ये म्हणायचे, “आपल्याच मुली आहेत. कौतुक तर केलं पाहिजे.”

कौतुक म्हटलं की अनसूयेचं डोकं उठायचं. उज्जैनची मराठी माणसं दोन प्रकारची. एकांच्या खापरपणजोबांनी शिंद्यांच्या दरबारात दौत-लेखणी सांभाळली, त्या पुण्याईवर ती अजून ताठ बसतात. दुसरी बँकेत नाहीतर रेल्वेत बदली होऊन आली आणि पहिल्यांचं बघून ताठ बसायला शिकली. कौतुकाची हौस दोघांनाही सारखीच. कुणाच्या नातवाने पेटीवर सा धरला, कौतुक. कुणाच्या सुनेने पुरणपोळी न फाटता उलटली, कौतुक. ऐकायचं कुणाचंच नाही, पाठ मात्र सगळ्यांची थोपटायची. अनसूयेचे वडील रमेश चांदोरकर दुसऱ्या प्रकारातले, बँकेतून निवृत्त झालेले, आणि रोज संध्याकाळी भय्यासाहेबांबरोबर कॅरम खेळणारे. पहिल्या प्रकारातल्या माणसाने आपल्याला कॅरमला बसवून घेतलं, ह्या आनंदात त्यांचं म्हातारपण सुखात चाललं होतं.

अनसूया स्वतः वीज ऑफिसच्या तक्रार खिडकीत बसे. तेविसाव्या वर्षी चिकटली ती चिकटली. सकाळी साडेदहापासून समोर रांग. कुणाचं बिल जास्त आलंय, कुणाचं मीटर पळतंय, कुणाच्या गॅलरीवर तार लोंबतेय. तिने त्या सगळ्यांसाठी दोन वाक्यं ठरवून ठेवली होती. “आवेदन दे दीजिए. देख लेंगे.” आवाज वर नाही, खाली नाही. राग नाही, दया तर नाहीच नाही. नवा माणूस आधी भांडे, मग विनवे, मग मुकाट्याने अर्ज सरकवून निघून जाई. अर्ज लोखंडी कपाटात जात आणि तिथेच नांदत. अनसूयेला त्या लोकांची कीव येत नसे. दोन वाक्यांवर धडधाकट माणसं घरी जातात कशी, ह्याचं तिला हसू यायचं. डबा खाताना ती शेजारच्या टेबलवरच्या बाईला त्यांच्या नकला करून दाखवी.

बँड सुरू झाला तेव्हा, दोन हजार बारा साली, ती पंचवीस वर्षांची होती. बाकीच्या दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. निहारिकाचे वडील सतार शिकवत. तिने बारा वर्षं सतार शिकून एक दिवस ती भिंतीला टेकवली आणि इलेक्ट्रिक गिटार आणली. वडिलांनी जे जे टाळायला शिकवलं होतं ते ते ती गिटारवर वाजवी, आणि नेमकं वाजवी. केतकी मुलींच्या शाळेत पीटी शिकवायची. श्रावणात महाकालची सवारी निघते तेव्हा पुढे जी झांज-डमरूची पथकं चालतात, त्यांतल्या एकात ती दोन वर्षं होती. तिथून ती मनगटं घेऊन आली आणि ड्रमवर बसली. अनसूयेने इंदूरहून जुनी बेस गिटार आणली, कारण तिला चारच तारा होत्या आणि चार शिकता येतील असं तिला वाटलं. गायचं कुणी, हा प्रश्न राहिला. गळा तिघींपैकी एकीलाही नव्हता. तेव्हा अनसूया खिडकीतल्या आवाजात बोलली. बेसच्या जाड ठोक्यावर, पट्टी न हलवता, “आवेदन दे दीजिए, देख लेंगे, देख लेंगे, देख लेंगे,” असं चार मिनिटं. निहारिका वाजवायची थांबली आणि म्हणाली, “यार, हेच आहे आपलं. आता गायला जाऊ नको तू कधी.”

नाव ठेवलं ‘खरकटं’. जागेचा प्रश्न आला. घरी वाजवणं कुणालाच शक्य नव्हतं. मंडळाच्या हॉलमागे एक खोली होती, मंगल कार्यांची भांडी ठेवायची, पण ती नोंदलेल्या उपक्रमांनाच मिळायची. भय्यासाहेबांनी अर्ज वाचला नाही. त्यांनी कधीच काही वाचलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “किती जणी? वाद्यं आहेत? गाणं आहे?” आणि रजिस्टरात स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘अन्नपूर्णा महिला भजनी मंडळ, वाद्यांसह’. अट एकच. दर गणेशोत्सवात एक कार्यक्रम द्यायचा. तिघी बाहेर येऊन पोट धरून हसल्या. ह्या लोकांना पहिल्याच कार्यक्रमात असा झटका देऊ की खोलीतून हाकलून काढतील, असं अनसूया म्हणाली, आणि हाकलून काढतील ह्या कल्पनेने तिला खरोखर बरं वाटलं.

त्या खोलीची किल्ली माईंकडे असे. माई भय्यासाहेबांच्या थोरल्या वहिनी. तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हापासून दिराच्या घरी. घरातलं काम आटोपून दुपारी त्या मंडळात येत, भांडी मोजून देत, मोजून घेत, चिंचेने घासून घेत. पंचाहत्तरीच्या आसपासची, काटकुळी, तोंडाने फटकळ बाई. त्यांनी पहिल्या दिवशी तिघींना बजावलं, “भांड्यांना हात लावायचा नाही. वाजवा काय वाजवायचं ते.” आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

हात लावायची गरजच पडली नाही. अनसूयेने बेसची तार छेडली आणि भिंतीकडेची सगळं पितळ-तांबं बोलू लागलं. परातींची झणझण, घंगाळांची घुमघुम, झाऱ्यांची किणकिण. आठवडाभर त्यांनी भांड्यांत चिंध्या कोंबल्या, पोती टाकली. मग केतकी वैतागून म्हणाली, “राहू द्या ना. वाजतायत तर वाजू दे.” तेव्हापासून खरकटंचा म्हणून जो आवाज पुढे लोकांनी वाखाणला, तो मंडळाच्या भांड्यांचा होता. त्यांतही एक मोठं पितळी तपेलं होतं, शंभर माणसांच्या वरणाचं. सर्वांत जाड तारेचा एक विशिष्ट सूर लागला की ते एकटंच हूं करून साथ द्यायचं, आणि तार थांबली तरी थोडा वेळ थांबायचं नाही.

प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. कैलासवासी अमुक ह्यांचे स्मरणार्थ, सौभाग्यवती तमुक ह्यांजकडून. अनसूयेने एक दिवस बेस वाजवता वाजवता ती नावं ओळीने वाचायला सुरुवात केली, खिडकीतल्याच आवाजात. गाणं झालं. नाव ‘स्मरणार्थ’. शेवटी तपेलं यायचं. त्याच्यावर होतं, ‘कै. दादासाहेब ह्यांचे स्मरणार्थ’. दादासाहेब म्हणजे भय्यासाहेबांचे वडील.

माई पायरीवरून उठून आत आल्या त्या तेव्हाच. त्यांनी अनसूयेचं बोट धरलं आणि तपेल्यावरच्या नावावरून फिरवलं. अक्षरांखाली पितळ खोलगट लागत होतं. त्या खळग्यात, नीट चाचपलं तर, दुसरीच अक्षरं होती. यमुना, देवास.

“माझी आई,” माई म्हणाल्या. “माझ्या लग्नात तिने दिलेलं हे. आमचे हे गेल्यावर मी मंडळाला देऊन टाकलं, चार लोकांच्या पंगतीत तिचं नाव राहील म्हणून. भय्यासाहेबांनी तांबटाकडे नेलं आणि आईचं नाव घासून आपल्या वडिलांचं टाकलं. मला विचारलं पण नाही. वर कौतुक करून घेतलं.”

“मग तुम्ही बोलला नाहीत?”

“मी त्यांच्या घरात जेवते. कशी बोलू?” माई म्हणाल्या. “तू म्हण. तुझ्या गाण्यात तर काही पण चालतं. हॉलमध्ये म्हण, सगळ्यांसमोर. बस, एवढंच.”

अनसूया पेटली. असं काहीतरी हातात यावं म्हणूनच तर बँड काढला होता. त्याच दुपारी गाण्याचा शेवट झाला. ‘नावाखाली नाव आहे. यमुना, देवास. कुणी घासलं? भय्यासाहेबांनी घासलं.’ हे ती खोलीत म्हणाली तेव्हा तपेलं घुमलं, आणि पायरीवर बसलेल्या माईंनी पदराने डोळे पुसले. ते पाहून तिघींना आपण फार मोठ्या आहोत असं वाटलं.

पहिला गणेशोत्सव आला. स्टेजवर ‘स्मरणार्थ’ सुरू झालं. हॉलमध्ये भांडी नव्हती, त्यामुळे आवाज नुसताच कोरडा येत होता. दाराशेजारच्या खुर्चीवर माई बसल्या होत्या, पाठ सरळ करून. पहिल्या रांगेत भय्यासाहेब, शेजारी अनसूयेचे वडील. शेवटचं कडवं आलं. अनसूयेने निहारिकाकडे पाहून मान हलवली. निहारिकाला काय ते कळलं. तिने गिटार अशी कर्कश वाढवली की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येऊ नये, आणि त्या आवाजाच्या आडोशाला अनसूयेने तोंड मिटलं. चार मात्रा गेल्या. गिटार उतरली. गाणं संपलं. भय्यासाहेब म्हणाले, भक्तिरसात न्हाऊन निघालो. नारळ मिळाला.

घरी जाताना अनसूया मैत्रिणींना म्हणाली, “मूर्ख आहेत साले सगळे. एक शब्द ऐकत नाहीत.”

पुढे हे दर वर्षी झालं. कारणाला तोटा नव्हता. पहिल्या वर्षी खोली जाईल अशी भीती होती. हाकलून काढतील ह्या कल्पनेने बरं वाटणारी हीच ती बाई. दुसऱ्या वर्षी वडिलांचं बायपास झालं आणि भय्यासाहेब तीन दिवस हॉस्पिटलात येऊन बसले. तिसऱ्या वर्षी भय्यासाहेबांचा सत्कार होता, तो दिवस बरा दिसला नसता. नंतर कारणंही लागेनाशी झाली. शेवटचं कडवं आलं की तिची मान आपोआप हलायची आणि निहारिकाचा हात आपोआप फिरायचा. खोलीत मात्र ती ओळ दर आठवड्याला पुरी व्हायची, अगदी ठणकावून. मंडळाची माणसं बहिरी आहेत, बधिर आहेत, त्यांना शिव्या दिल्या तरी नारळ देतात, ही तक्रार ती दर वर्षी नव्याने करी. करून करून ती तिला खरीच वाटू लागली.

सगळ्यांनी छान म्हटलं तरी माईंनी मात्र कधी छान म्हटलं नाही. कार्यक्रम संपला की त्या उठून भांडी मोजायला निघून जात. अनसूया ते अभिमानाने सांगायची. “अख्ख्या उज्जैनमध्ये आपल्याला एकच बाई ऐकते. आणि ती कौतुक करत नाही.”

दोन हजार सोळाच्या सिंहस्थात विक्रांत नावाचा बंगळुरूचा माणूस साधूंचे आवाज टिपायला आला होता. साधू पैसे मागत, म्हणून तो माधव नगरात चहा पीत हिंडत होता. त्याने मंडळामागच्या गल्लीतून खरकटं ऐकलं. दोन दुपारी त्याने त्या खोलीतच सहा गाणी टिपून घेतली आणि इंटरनेटवर टाकली. तीन महिन्यांनी स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा रेडिओवर ‘स्मरणार्थ’ लागलं. तिकडच्या एका गृहस्थाने लिहिलं की भारतातल्या एका तीर्थक्षेत्रातल्या ह्या तीन स्त्रिया प्राचीन घंटांच्या नादात पोस्ट-पंक वाजवतात. प्राचीन घंटा म्हणजे वरणाचं तपेलं. पोस्ट-पंक म्हणजे काय, हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. केतकीने फोनवर शोधून सांगितलं, “म्हणजे की पंक होऊन गेल्यावर जे उरतं ते.”

“म्हणजे खरकटंच,” निहारिका म्हणाली.

वडिलांनी ती लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. ऐंशी लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, पन्नास जणांनी ती आणखी पुढे धाडली. उघडली एकानेही नाही. गाण्यात यमुनाबाईंचं नाव, भय्यासाहेबांचं नाव, सगळं ठसठशीत होतं. स्कॉटलंडला ते ऐकू गेलं, पण कळलं नाही. माधव नगरला कळलं असतं, पण त्यांनी ऐकलं नाही. अनसूयेला ह्याची गंमत वाटली आणि, खरं सांगायचं तर, हायसंही वाटलं.

मग दोन-तीन वर्षं बरी गेली. इंदूर, भोपाळ, एकदा दिल्ली. पुण्यात एका तळघरासारख्या जागी तीनशे पोरं-पोरी दाटीवाटीने उभी होती. तिथे अनसूयेने ‘स्मरणार्थ’ची शेवटची ओळ म्हटली, एकदा नाही, तीनदा. भय्यासाहेबांनी घासलं, भय्यासाहेबांनी घासलं. पोरं तिच्याबरोबर ओरडू लागली. पुण्यात भय्यासाहेबांना कोण ओळखतंय. कार्यक्रमानंतर एक चष्मेवाली मुलगी येऊन म्हणाली, “तुमचं मराठी किती क्यूट आहे, अर्धं हिंदीच वाटतं.” म्हणजे तिथेही कौतुकच. तरी अनसूया हवेत होती. उज्जैनला परतल्यावर ती पिशवी हातात घेऊन थेट मंडळात गेली.

“माई, पुण्यात म्हटलं मी. तीनशे लोकांसमोर.”

माई झारे मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पुण्यात आपलं कोण आहे?”

अनसूयेला राग आला. ह्या जुन्या बायकांना कशाची किंमतच नाही, असं तिने निहारिकाला सांगितलं.

मग केतकीचं लग्न झालं, ती नानाखेड्याला गेली आणि तिला जुळं झालं. निहारिका लहान मुलांना सिनेमाची गाणी शिकवू लागली. वडिलांना जे जमलं नाही ते तिला जमलं, रांगेने विद्यार्थी मिळाले. दोन वर्षं करोनात गेली, उत्सवही झाले नाहीत. विक्रांतचे निरोप आधी महिन्याने येत, मग वर्षाने, मग नाही. बाहेरचे कार्यक्रम बंद पडले. जग खरकटंला विसरलं, मंडळ विसरलं नाही. भाद्रपद आला की भय्यासाहेबांचा फोन यायचा. “अनू बेटा, भजनाचं लक्षात आहे ना?” अनसूया अडतीस वर्षांची झाली होती. घरात देवघराखालच्या फळीवर खण साठले होते, अकरा. नारळांची आई वड्या करी आणि त्या वड्या अनसूया शिव्या देत खाई.

दोन हजार पंचवीसच्या उन्हाळ्यात मंडळाने ठराव केला की पुढच्या सिंहस्थाला यात्रेकरूंची गर्दी होणार, तेव्हा मागच्या खोल्या पाडून तिथे उतरायच्या खोल्या काढाव्यात. भांडी आता कुणी वापरत नव्हतं, केटरर आपली स्टीलची आणतो. उत्सव झाला की ती सगळी वितळवायला द्यायची. ठराव एकमताने झाला. त्यातल्या कितीतरी भांड्यांवर हात वर करणाऱ्यांच्याच आजोबांची नावं होती.

उत्सवाच्या आधीच्या रविवारी दुपारी तिघी खोलीत वाजवत होत्या. ‘स्मरणार्थ’ पुरं झालं, तपेलं घुमून थांबलं, आणि माई पायरीवरून आत आल्या. आता त्यांना काठी लागत होती. अट्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या.

“यंदा म्हणशील?” त्यांनी विचारलं.

“काय, माई?”

“काय ते तुला माहीत आहे.”

“म्हणते तर दर वर्षी,” अनसूया म्हणाली. “गिटारमध्ये तुम्हाला ऐकू येत नसेल.”

“माझे कान ठीक आहेत. खोलीत म्हणतेस ते बाहेर पायरीवर येतं. पुण्याला म्हटलंस ते तू सांगितलंस. हॉलमध्ये तू हिच्याकडे बघून मान हलवतेस, ही मोठ्याने वाजवते, आणि तू तोंड बंद करतेस. अकरा वेळा बघितलं मी. दर वर्षी वाटायचं, यंदा म्हणेल.”

निहारिका गिटारच्या तारा पुसू लागली. त्या स्वच्छच होत्या. अनसूयेला लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती चिडली. “तुम्ही आधी का नाही बोललात?”

“तू स्वतःहून बोलशील म्हणून थांबले. माझी तर लाचारी आहे, अनू. तुझी काय आहे?”

अनसूयेने आपली लाचारी शोधून पाहिली. तिला नोकरी होती, स्वतःचं घर होतं, वडील ठणठणीत होते. खोली तर पाडायचीच होती.

“पुढच्या महिन्यात हे जाईल भट्टीत,” माई तपेल्यावर हात ठेवून म्हणाल्या. “लोकांनी ऐकलं नाही तरी चालेल. मी ऐकीन. त्या हॉलमध्ये एकदा माझ्या आईचं नाव घे.”

“घेईन, माई. शब्द देते,” अनसूया म्हणाली, आणि तिने तो मनापासून दिला. मग तिघींनी बसून ठरवलं. तपेलं स्टेजवर न्यायचं. शेवटच्या कडव्याला निहारिकाने गिटार वाढवायची नाही, उलट पार थांबवायची. केतकीनेही हात उचलायचे. फक्त बेस, तपेलं आणि अनसूयेचा आवाज. पळायला जागाच ठेवायची नाही, असं अनसूया स्वतः म्हणाली. त्या आठवड्यात खिडकीवर बसूनही ती ओळ तिच्या डोक्यात चालू होती. अनेक वर्षांनी तिला आपण खऱ्याच बँडमध्ये आहोत असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. तपेलं स्टेजवर बघून लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. भय्यासाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर नारळाचं तबक. शेजारी वडील. दाराजवळच्या खुर्चीवर माई, दोन्ही हात काठीवर.

गाणं सुरू झालं. तपेलं जवळ असल्यामुळे हॉलमध्ये पहिल्यांदाच तो आवाज आला, खोलीतला. अनसूया नावं वाचत गेली. कुणाकुणाच्या आजोबांचं नाव आलं की तो तो माणूस शेजाऱ्याला कोपर मारून हसे. कै. दादासाहेब ह्यांचे स्मरणार्थ, असं ती म्हणाली तेव्हा भय्यासाहेबांनी छातीवर हात ठेवला. निहारिकाने गिटार थांबवली. केतकीने हात उचलले. अनसूयेने ती जाड तार छेडली आणि तपेलं एकटंच घुमू लागलं. हॉल गप्प झाला. तेरा वर्षांत तो असा गप्प झाला नव्हता. दीडशे माणसं खरोखर ऐकत होती.

नेमकं तेच तिला झेपलं नाही. बहिऱ्या लोकांसमोर उभं राहायची तिची तयारी होती, ऐकणाऱ्यांसमोर नव्हती. तिने तोंड उघडलं. भय्यासाहेब तिच्याकडे बघून हसत होते, आपल्याच मुलीकडे बघावं तसे. वडील तिच्याबरोबर ओठ हलवत होते, त्यांना पुढचा शब्द ठाऊक नव्हता तरी. निहारिका गिटारला हात लावत नव्हती. दोन मात्रा गेल्या, तीन गेल्या. आणि अनसूयेच्या तोंडून, पट्टी न हलता, राग नाही, दया नाही अशा आवाजात, बाहेर पडलं, “आवेदन दे दीजिए. देख लेंगे.”

हॉल फुटला. त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या खिडकीसमोर उभा राहून आला होता. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. खरकटंला अख्ख्या कारकिर्दीत, पुण्यातसुद्धा, एवढी टाळी मिळाली नव्हती. तपेलं अजून घुमत होतं, पण ते आता कुणाला ऐकू येत नव्हतं.

भय्यासाहेब डोळे पुसत माईकपाशी आले. “टायमिंग बघा पोरीचं,” ते म्हणाले. “मन प्रसन्न होऊन गेलं. आणि आज खण-नारळ मी नाही देणार. इतकी वर्षं ह्या मुलींना ज्यांनी खोली उघडून दिली त्या आमच्या माईंच्या हातून देऊ. जुने लोक म्हणतील, विधवेच्या हातून खण-नारळ कसा. आम्ही असलं काही मानत नाही.” ह्यालाही कडकडून टाळी झाली. आपण किती पुढारलेले आहोत ह्याचं कौतुक मंडळाने मंडळाचंच करून घेतलं.

माई काठी टेकत स्टेजपाशी आल्या. कुणीतरी त्यांना हात देऊन वर घेतलं. त्या तपेल्याला वळसा घालून अनसूयेपुढे उभ्या राहिल्या. अनसूयेला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी चार लोकांत आपल्याला फाडून खावं, काठी हाणावी, थुंकावं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. तिने तोंड उघडलं, “माई, मी—”

माईंनी तबकातून खण घेतला, त्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही तिच्या हातात दिलं. मग सगळे म्हणतात तशा आवाजात, तिच्या गालाला हात लावून, त्या म्हणाल्या, “छान झालं हं, अनू. किती गोड म्हटलंस.”

आणि दुसरा नारळ घेऊन त्या केतकीकडे वळल्या.